अकरा वर्षं निरंक

महेशनं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना. मुंबईहून निघालेली एसटी घाटात अडकली होती आणि स्टँडवरून तो घरी न जाता थेट माझ्याकडे आला होता.

पत्रावर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचा शिक्का होता. मजकूर थोडका होता. पेशंट श्रीमती गोजराबाई तिडके यांना मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी चालू ठेवाव्यात. पेशंटला दर पंधरवड्याला मुंबईस आणणं शक्य नसल्यामुळे त्यांच्या गावच्या रुग्णालयानं पुरवठा करावा. गावचं रुग्णालय म्हणजे आमचं ट्रस्टचं रुग्णालय. पुरवठा करणारा स्टोअरकीपर म्हणजे मी, वाल्मीक विधाते. आणि गोजराबाई म्हणजे माझी थोरली बहीण, महेशची आई.

"मामा, ते म्हणले पेशंटला बघितल्याबिगर इथून देता येत नाय, तुमच्या नाशकातून घ्या. मी म्हणलं, आमचे मामाच हायेत तिथं." दोन महिन्यांत पहिल्यांदाच पोराच्या तोंडावर जरा तरतरी दिसत होती. "देता ना मग? आईच्या चारच गोळ्या राह्यल्यात."

माझ्या पाठीशी दुहेरी कुलपाचं लोखंडी कपाट होतं. अशी औषधं ठेवायला ते कायद्यानंच घ्यायला लावलेलं होतं. त्यात आम्ही चहाची पावडर आणि साखर ठेवत होतो, कारण बाहेर ठेवली की ती दोन दिवसांत संपायची. मॉर्फिन त्यात १९८८ नंतर आलेलं नव्हतं. महेशला मी म्हणालो, बघतो. बघतो हा शब्द सरकारी आणि धर्मादाय, दोन्ही ठिकाणी नाही या अर्थानं वापरतात, हे त्या पोराला कुठून माहीत असणार? तो खुशीत घरी गेला.

अठ्ठ्याऐंशी साली काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर मला नुसताच आळशी समजाल. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. वॉर्डात एका नर्सच्या हातून मॉर्फिनच्या दोन अँप्युल फुटल्या. कायदा नवा आणि कडक होता. अफूपासून बनलेली कुठलीही वस्तू हरवली की सरळ तुरुंगाची भाषा. तपासनीस आले. चार दिवस त्यांनी माझे, नर्सचे आणि झाडूवाल्याचे जबाब घेतले. काचेच्या तुकड्यांचा पंचनामा झाला, तुकडे पाकिटात घालून वर लाख लावली. पाचव्या दिवशी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "विधाते, ही ब्याद यापुढे आपल्याकडे नको."

दर डिसेंबरला एक फॉर्म यायचा. पुढच्या वर्षी तुमच्या रुग्णालयाला मॉर्फिन किती लागेल, ग्रॅममध्ये लिहा. मी लिहिलं, निरंक. ज्यांनी कधी कचेरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, निरंक म्हणजे शून्य. पण शून्य लिहिलं तर कोणीतरी पुढे आकडा घालील म्हणून अक्षरात लिहायचं. पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवला आणि पुन्हा तेच लिहिलं. मोजायला लागू नये, वॉर्डात जायला लागू नये, कोणी विचारायला येऊ नये. विषाची परीक्षा कोण घेणार? अशी अकरा वर्षं गेली. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचं कौतुकही झालं.

कौतुक खरंच झालं. १९९६ साली गंगापूर रोडच्या एका हॉटेलात नशामुक्तीचं शिबिर होतं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. देशादेशांची नावं आणि प्रत्येकापुढे मॉर्फिनचा खप. डेन्मार्कचा पट्टा पडद्याच्या कडेपर्यंत गेलेला, खाली कॅनडा, ऑस्ट्रेलिया. आपल्या देशाचा पट्टा शोधायला साहेबांना काडी लावून दाखवावं लागलं. ते म्हणाले, हे श्रीमंत देश बघा कसे बुडालेत आणि आपण बघा कुठे आहोत. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मग वर्षानुवर्षं निरंक अहवाल पाठवणाऱ्या संस्थांची नावं वाचली, त्यात आमचं नाव आलं. मला उभं केलं. पुन्हा टाळ्या. जेवायला श्रीखंड होतं. तक्त्याची झेरॉक्स प्रत्येकाला दिली, ती मी घडी करून खणात टाकली.

आक्का तेव्हा धडधाकट होती. आमची आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. लग्न होऊन ती मखमलाबादला गेली, नवरा गेल्यावर मळा एकटीनं सांभाळला. झेंडू, शेवंती, मधल्या वाफ्यात मेथी. माझं फार्मसीचं शिक्षण तिच्या झेंडूवर झालं. फुलबाजारात तिच्या तोंडाला लागायला व्यापारी भीत. त्याच तोंडात सकाळ-संध्याकाळ मशेरी असायची. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात हिरडीला गाठ आली, ती जबड्यात उतरली. मुंबईला शेक झाले, आणि सप्टेंबरात डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. तीन-चार महिने, असं मला बाजूला घेऊन म्हणाले. दुखणं वाढत जाईल, पण त्याला औषध आहे.

औषध होतंच. चौऱ्याऐंशी गोळ्या दिल्या होत्या, चौदा दिवसांच्या. त्या चौदा दिवसांत आक्का ओट्यावर बसून मजुरीच्या बायांना शिव्या देत होती. दुधात कुस्करलेली भाकर खात होती. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, माझ्यासारखी मशेरी लावू नको. लावती ना ती गुपचूप?" मी नाही म्हणालो. ती हसली, अर्ध्याच तोंडानं.

गोळ्या संपल्या त्या दिवशी दुपारी ती गोधडीचं टोक दातात धरून भिंतीकडे तोंड करून पडली. ओरडायची नाही. शेजारची चिमणाबाई म्हणाली, ओरडली तर बरं वाटंल तिला. पण आक्काला आयुष्यात कोणासमोर ओरडायची सवयच नव्हती, ओरडायची ती फक्त दुसऱ्यावर. आमच्याकडची साधी इंजेक्शनं मी देऊन बघितली. पाण्यासारखी गेली.

मी परवान्याच्या ऑफिसात गेलो. एक परवाना जवळ बाळगण्याचा, एक दुसऱ्या ठिकाणाहून आणण्याचा, एक वाहतुकीचा. तिन्ही एकाच वेळी चालू हवेत, आणि मिळायचे तीन वेगळ्या टेबलांवर. हे सगळं मला ठाऊक होतं. नाक मुठीत धरून बसायची माझी तयारी होती. तिथला कारकून माझ्याच वयाचा असावा. त्यानं चहा मागवला, आमची फाइल काढली आणि सुतळी सोडली. आत माझेच अकरा फॉर्म, माझ्याच अक्षरात.

"जिल्ह्यात एवढी स्वच्छ फाइल दुसरी नाही," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "मग अचानक गरज कशी निर्माण झाली?"

"गरज होतीच."

"होती तर लिहिली का नाही?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर कळून घ्यायचं होतं. मी बहिणीचं सांगितलं. त्यानं मान हलवली, त्याच्या सासऱ्याचंही असंच झालं होतं म्हणाला. मग समजावून सांगितलं. प्रत्येक रुग्णालयाचा आकडा जिल्ह्यात, जिल्ह्याचा राज्यात, राज्याचा दिल्लीला आणि दिल्लीचा पार युरोपात जातो. तिथे सगळ्या देशांचे आकडे मांडून ठरतं, कोणाला किती. चालू वर्षाचा आमचा आकडा जाऊन बसला होता. आता डिसेंबरात पुढच्या वर्षाचा फॉर्म भरा, मंजूर झालं तर एप्रिल-मेनंतर बघू. आणि मागणी कशावर बसवायची? मागच्या तीन वर्षांच्या वापराच्या सरासरीवर. त्यानं कॅल्क्युलेटर पुढे ओढलासुद्धा, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो हळूच बाजूला सारला.

अफू पिकवणारा देश आपला. मध्य प्रदेशात सरकारी परवान्यावर शेतंच्या शेतं उभी असतात, जगाला औषध पुरवतो आपण. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत होता आणि बहीण तहानेनं तडफडत होती.

परत आल्यावर खणातली ती झेरॉक्स काढली. तीन वर्षांत मी तिचा मथळा वाचला नव्हता. मी फार्मसी शिकलेला माणूस. मथळा साध्या इंग्रजीत होता: वैद्यकीय उपचारासाठी वापरलेलं मॉर्फिन, दर दहा लाख लोकांमागे. नशेचा त्यात शब्द नव्हता. डेन्मार्कचे लोक बुडालेले नव्हते, त्यांची म्हातारी माणसं झोपत होती. आपला पट्टा दिसत नव्हता, कारण आपल्याकडे गोधडी दातात धरतात. आणि त्याबद्दल मी उभं राहून टाळ्या घेतल्या होत्या. मला स्वतःची इतकी शिसारी आली की त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

दोन दिवसांनी महेश आला. या वेळी मात्र न सांगता खुर्चीत बसला.

"मामा, आग्रा रोडच्या ढाब्यावर मिळतं. ट्रकवाले आणतात तिकडून."

मी दाराकडे बघितलं.

"तुमच्याकडं नाय, तिथं हाय," तो म्हणाला. "मी आणलंय."

त्यानं खिशातून प्लास्टिकची पुडी काढून टेबलावर ठेवली. चिंचोक्याएवढा अफूचा काळा गोळा. मी उठून आधी दार लावलं. वर्षानुवर्षं दोन अँप्युलच्या काचांना भ्यालेला माणूस मी, माझ्या टेबलावर दहा वर्षांच्या शिक्षेचा माल पडला होता. त्यात किती जोर आहे, भेसळ कशाची आहे, काही कळायला मार्ग नव्हता. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, चिंचोक्यावर नसतात. मी अंदाजानं दिलं. औषधाच्या दुकानदारीत अंदाज हा शब्द शिवीसारखा आहे, पण मी अंदाजानंच दिलं.

आक्का झोपली. उलट्या झाल्या, तोंडाला कोरड पडली, मधूनच बरळली, पण गोधडी सोडून झोपली. जाग आल्यावर तिनं माझ्याकडे बघत विचारलं, "चोरून आणलं का रे?"

"नाही. आमच्या हॉस्पिटलातलं आहे."

तिनं डोळे मिटले. नंतर चिमणाबाईनं मला सांगितलं, आक्का येईल त्याला सांगती, माझ्या भावाच्या दवाखान्यातलं औषध हाय, त्याच्या हातात चाव्या हायेत म्हून मला मिळतं. तिला धड बोलता येत नव्हतं तरी एवढं सांगायची. मी मान खाली घालून ऐकलं. देशाच्या कुठल्या आकड्यात माझी आक्का बसली असती? औषधाच्या नाही. त्या खान्यात माझं निरंक होतं. ती बसली असती नशेच्या आकड्यात, साठीला टेकलेली, फुलं विकणारी.

नोव्हेंबरच्या शेवटी ढाब्यावर छापा पडला. पेपरात पहिल्या पानावर आलं, दोन किलो अफू जप्त, मोठं यश. यश होतंच, त्यात खोटं काही नाही. अशा मालानं किती पोरं वाया गेली हे मलाही दिसत होतं. पण मखमलाबादच्या एका घरात त्या यशाचा अर्थ एवढाच झाला की पुडी बंद झाली. त्यानंतर आक्का एकोणीस दिवस जगली. त्या एकोणीस दिवसांबद्दल मी कोणाशी बोललेलो नाही, इथेही बोलणार नाही. शेवटच्या आठवड्यात ती ओरडली, एवढंच सांगतो.

दशक्रिया उरकून मी कामावर आलो तेव्हा टेबलावर फॉर्म येऊन पडला होता. एकतीस तारखेपर्यंत भरायचा होता. तीन दिवस हातात होते. मी स्टोअरला कुलूप लावलं आणि वॉर्डात गेलो. तेरा वर्षांच्या नोकरीत मी वॉर्डात फिरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. प्रतिभा सिस्टरांनी विचारलं, काही हरवलं का? मी म्हणालो, दुखणं मोजायचं आहे, चला माझ्याबरोबर.

किती दुखतं असं विचारलं तर लोक लय म्हणतात. लय फॉर्मवर लिहिता येत नाही. सिस्टर म्हणाल्या, असं नका विचारू, थांबा. त्यांनी इगतपुरीच्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, रुपयातलं किती आणे दुखतं?" म्हातारा लगेच म्हणाला, "चौदा आणे. सकाळच्याला सोळा व्हतं." शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, माझं बारा. आमच्या लोकांकडे माप होतं, विचारणारं कोणी नव्हतं. आम्ही तीन दिवस सगळे वॉर्ड फिरलो. बारा आण्यांच्या वर असलेल्यांचीच नावं घेतली, आणि जे बरे होऊन घरी जाणार होते ते गाळले. कोणत्याही दिवशी सरासरी दहा माणसं उरत होती. दहा माणसं, दिवसाला प्रत्येकी साठ मिलिग्रॅम, तीनशे पासष्ट दिवस. दोनशे एकोणीस ग्रॅम. सबंध रुग्णालयाचं वर्षभराचं दुखणं, आणि त्याला पाव किलोची पुडीसुद्धा लागत नव्हती.

मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला. बहिणीचं वाईट झालं म्हणाले, पण त्यासाठी संस्थेला कशाला ओढता? मग स्वतःच तोडगा काढला.

"पाच ग्रॅम लिहा. एकदम डोळ्यावर यायला नको."

"पाच ग्रॅम म्हणजे एक पेशंट, ऐंशी दिवस," मी म्हणालो. "कोणता ते तुम्ही निवडून द्या. नावांची यादी खाली जोडली आहे."

त्यांनी यादी वाचली. बराच वेळ वाचली. त्यातले निम्मे त्यांचेच पेशंट होते. मग सही केली आणि फॉर्म माझ्याकडे न बघता सरकवला. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. काहीच वाटलं नाही, बाहेर येऊन पाणी प्यालो.

मंजुरी ऑगस्टात आली, दोनशे एकोणीसची शंभर करून. बरोबर एक पत्र: मागील अकरा वर्षे मागणी नसताना एकदम झालेल्या वाढीचे कारण कळवावे. मी लिहिलं, वाढ झालेली नाही, दुखणं आधीपासून होतं, मोजलं नव्हतं. कारकुनानं फोन केला. म्हणाला, विधातेसाहेब, मला पटतं हो, पण असं कारण यादीत नाही. रुग्णसंख्येत वाढ, असं लिहा, लगेच पुढे जाईल. मी तसं लिहून दिलं. मग दुसरा परवाना येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली, तो पुन्हा काढला. गोळ्या आल्या तेव्हा आक्काचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं.

पहिली गोळी गेणू नावाच्या माणसाला दिली. विंचूरच्या कांदा मार्केटात हमाली करणारा, पन्नाशीचा. आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता. त्याची बायको लंकाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून असायची. नियमाप्रमाणे मी गोळी मोजून सिस्टरांच्या हाती द्यायची आणि सही घ्यायची, एवढंच माझं काम. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो.

गेणू झोपला होता. पाठीवर, पाय ताणून. लंकाबाई त्याला हलवत होती, तोंडाजवळ हात नेऊन श्वास बघत होती. सिस्टर म्हणाल्या, अहो, झोपलेत ते, झोपू द्या. तिला खरं वाटेना. पाच महिन्यांत तिनं त्याला असं पडलेलं बघितलं नव्हतं. मग ती उठून माझ्यापाशी आली. सिस्टरांनी सांगितलं असावं, औषध यांनी आणलं म्हणून.

"साहेब, ही गोळी आधी कुठं व्हती?" तिनं विचारलं. "पाच महिने मी यांला घेऊन फिरले. कुनी गोळीचं नावच घेतलं नाय."

"येत नव्हती," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. वरून येत नसेल तर कोण काय करणार, हे तिला पटलं. तिनं पदर सारखा केला आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो. मागे भिंत होती.